मदत हवी आहे : रोज रात्री मोठ्याने वाचून दाखवायला पुढचं पुस्तक कोणतं घेऊ?

नमस्कार मंडळी,

माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. दीड वर्षापूर्वी त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत असल्याचं कळलं. इंजेक्शनं झाली, आजार थोडा थांबला, पण गेलेली नजर परत येत नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. समोरच्याचा चेहरा दिसत नाही, त्याच्या बाजूची खिडकी दिसते. घरात त्या नीट वावरतात, चहासुद्धा करतात. वाचन मात्र पूर्ण बंद झालं. पोस्टातली नोकरी सांभाळून आयुष्यभर वाचत आलेली ही बाई.

गेले आठ महिने रोज रात्री जेवणं आटोपली की मी त्यांना अर्धा-पाऊण तास वाचून दाखवते. मी मूळची इंदूरची, त्यामुळे सुरुवातीला चूल, चाळ, जाळं हे शब्द माझ्या तोंडून हिंदी वळणाने यायचे. त्या मध्येच थांबवून नीट म्हणून घ्यायच्या. आता क्वचितच थांबवतात. पुस्तकं ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयातून आणि नातेवाइकांकडून आणते.

आता अडलंय. पंधरा दिवसांपूर्वी एक पुस्तक संपलं आणि दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "आता नको काही दिवस." तेव्हापासून वाचन बंद आहे. पुढे काय घ्यावं ते सुचत नाही. सल्ला देणं सोपं जावं म्हणून आतापर्यंत काय वाचलं आणि कसं वाटलं ते सविस्तर लिहिते. मोठ्याने वाचताना पुस्तकाची वेगळीच परीक्षा होते, हे मला या आठ महिन्यांत कळलं.

सुरुवात लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'ने केली. याहून चांगली सुरुवात झाली नसती. मी कॉलेजात असताना हे पुस्तक वाचलं होतं आणि 'महत्त्वाचं आत्मचरित्र' म्हणून बाजूला ठेवलं होतं. मोठ्याने वाचल्यावर लक्षात आलं की ते लिहिलेलं नाही, बोललेलं आहे. वाक्य कुठे तोडायचं हे शोधावं लागत नाही, श्वास आपोआप बरोबर जागी येतो. टिळक, म्हणजे लक्ष्मीबाईंचे यजमान कवी ना. वा. टिळक, घराबाहेर पडले की काय करून येतील याचा नेम नाही आणि बाई ते सगळं ज्या सुरात सांगतात, त्यावर आई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायच्या. मग १८९५ सालचं टिळकांचं ख्रिस्ती धर्मांतर आलं. त्या पानांना आम्हाला चार रात्री लागल्या, कारण आई दर परिच्छेदानंतर थांबायला सांगायच्या. नवरा जिवंत असून नसल्यासारखा, माहेर-सासर दोन्हीकडचे नातेवाईक हळहळतायत आणि ही बाई रागावते, रडते, पण कुठेही त्याच्याबद्दल कडवट होत नाही. मला ते थोडं पटत नव्हतं, मी म्हटलं, इतकं कसं कोणी समजून घेईल. आई म्हणाल्या, "समजून नाही घेतलंय गं, प्रेम आहे ते." मग त्यावर आम्ही तासभर बोलत बसलो. लग्नाला २२ वर्षं झाली, इतकं आम्ही आधी कधी बोललो नव्हतो.

त्यानंतर गोडसे भटजींचं 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक, घरच्या कर्जापायी दक्षिणा मिळवायला उत्तरेत जातो आणि थेट १८५७च्या धामधुमीत सापडतो. झाशीच्या वेढ्यात तो शहरातच होता. पुस्तक छापून आलं १९०७ साली. भाषा जुनी आणि वाक्यं लांब, तेव्हा दोन-तीन पानं आधी डोळ्यांखालून घालावी लागतात, नाहीतर मध्येच दम लागतो. पण काय नजर आहे या माणसाची! राणीच्या पोशाखापासून यज्ञातल्या पंगतींपर्यंत सगळं दिसतं. झाशी पडल्यानंतरची लूट आणि कत्तल वाचताना माझाच आवाज बसला. त्या रात्री अर्ध्यावर थांबलो. आईंच्या मनात मात्र राहिली ती गंगेच्या पाण्याची कावड. स्वतःचा जीव कसाबसा वाचतोय, पैसा लुटला गेलाय आणि हा आई-वडिलांना स्नान घालायला गंगेचं पाणी खांद्यावर घेऊन कोकणात परत येतो. अजूनही जेवताना मध्येच तो विषय निघतो.

दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' मी मोठ्या हौसेने घेतलं, कारण माझं फार आवडतं. चैत्राचा लेख वाचला आणि दोघींनाही कळलं की हे जमत नाही. एकेका वाक्यात इतके रंग आणि इतकी झाडं की ऐकणाऱ्याला थांबून बघायला वेळच मिळत नाही. हे पुस्तक एकट्याने, वर बघत बघत वाचायचं. तरी नवा मराठी महिना लागला की त्या महिन्याच्या लेखातलं एक पान आई वाचायला लावतात, तेवढं ठेवलंय.

रत्नाकर मतकरींच्या गूढकथा दोन वाचल्या. उत्तम आहेत, पण रात्री आईंना अंदाजाने बाथरूमपर्यंत जावं लागतं, त्यामुळे मीच थांबवल्या.

जयंत नारळीकरांच्या 'यक्षांची देणगी'बद्दल मला भीती होती. आईंनी आयुष्यात विज्ञानकथा वाचली नव्हती. 'उजव्या सोंडेचा गणपती' या कथेत आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा होणारा माणूस आहे आणि मोबियसच्या पट्टीचा आधार घेतलाय. वाचून समजावता येईना. मग मी वर्तमानपत्राची लांब पट्टी कापली, एक पीळ देऊन टोकं चिकटवली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी बोट फिरवत फिरवत नेलं, बोट न उचलता ते पट्टीच्या दोन्ही अंगांनी फिरून परत आलं. दहा वेळा फिरवलं असेल. ती पट्टी अजून त्यांच्या उशाशी आहे. कथांची भाषा साधी आणि संवाद सरळ, म्हणून ऐकायला अडचण येत नाही. माणसं मात्र थोडी एकसारखी बोलतात असं मला वाटलं. आईंना ते खटकलं नाही.

प्रभाकर पेंढारकरांचं 'रारंग ढांग' सर्वात वेगात संपलं, नऊ रात्रींत. हिमालयातल्या उभ्या कड्यात रस्ता खोदणारी माणसं, नियमावर बोट ठेवणारे अधिकारी आणि माणसाच्या जिवाची किंमत विचारणारा तरुण इंजिनिअर. आईंचे धाकटे भाऊ सैन्यात होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मामांना फोन करून कालचा भाग सांगायच्या.

आणि शेवटचं 'रणांगण'. विश्राम बेडेकरांची १९३९ची कादंबरी. युरोपातून मुंबईकडे येणारं जहाज, जर्मनीतून जीव घेऊन निघालेले ज्यू आणि त्यांच्यातल्या हॅर्टावर जीव जडलेला चक्रधर. माझ्या मते मराठीत इतक्या थोड्या पानांत इतकं मोठं दुःख दुसऱ्या कुणी मांडलेलं नाही. म्हणूनच घेतलं. दर पुस्तकाच्या सुरुवातीला आई मला विचारतात, "शेवट काय आहे गं?" आणि मी थोडं सांगते. या वेळी मी म्हटलं, "आई, हे सांगितलं तर पुस्तकातलं सगळंच जाईल, ऐकाच तुम्ही." शेवटचं पान झालं तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. रात्री मी पाणी ठेवायला गेले तर जाग्याच होत्या.

मला वाटतंय, इतकं दुःखाचं पुस्तक या वयात त्यांना द्यायला नको होतं. माझं चुकलं. तर कृपया हलकं, पण पोरकट नसलेलं काही सुचवा. प्रकरणं छोटी असावीत आणि संवाद भरपूर असावेत. विनोदी असेल तर उत्तमच, फक्त पुलं त्यांना जवळजवळ पाठ आहेत.

प्रतिसाद १

ताई, छान लिहिलंय. ऑडिओबुकची अॅप्स बघितली का? मराठीत आता बरीच पुस्तकं आहेत. तुमचाही वेळ वाचेल.

धागाकर्ती

धन्यवाद. दुपारसाठी लावून देते, त्या ऐकतातही. पण रात्री मध्येच थांबवून बोलायचं असतं, ते त्यात होत नाही. आणि माझा वेळ वाचवायचा नाहीये, हा माझाही दिवसातला आवडता वेळ आहे.

प्रतिसाद २

व्यंकटेश माडगूळकरांचं 'बनगरवाडी' घ्या. १९५५चं पुस्तक, आजही ताजं आहे. धनगरांच्या वाडीवर आलेला पोरसवदा मास्तर, कारभारी, तालीम बांधायची धडपड. वाक्यं इतकी छोटी आणि स्वच्छ आहेत की वाचताना जीभ कुठे अडखळत नाही. मी माझ्या वडिलांना दवाखान्यात वाचून दाखवलं होतं. शेवट दुष्काळाचा आहे, हे आधीच सांगतो. तुम्हाला हलकं हवंय, तेव्हा विचार करून घ्या.

प्रतिसाद ३

मला नाही वाटत की दुःखाचं पुस्तक दिलं म्हणून हे झालं. स्मृतिचित्रेतलं धर्मांतर, झाशीची कत्तल हे काय हलकं होतं? ते त्यांनी ऐकलंच ना. तुम्ही अंदाज बांधण्यापेक्षा त्यांनाच विचारा. नजर चांगली असताना त्या कशा वाचायच्या, कुठे बसून, केव्हा, तेही विचारा. माझी आजी पुस्तक हातात घेऊनच ऐकायची, पानं मोजत. वाचणाऱ्या माणसाच्या सवयी फार पक्क्या असतात.

प्रतिसाद ४

प्रतिसाद ३ ला +१. आणि 'यक्षांची देणगी' आवडलं असेल तर नारळीकरांचं 'चार नगरांतले माझे विश्व' जरूर घ्या. त्यांचं आत्मचरित्र आहे, २०१४चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालाय. जाडजूड आहे, पण रोज थोडं थोडं वाचायला चांगलं.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. प्रतिसाद ३ वाचून काल दुपारी आईंना सरळ विचारलं. आधी टाळलं, मग सांगितलं ते असं.

त्या कायम शेवटचं पान आधी वाचायच्या. लग्नाआधीपासूनची सवय. पोस्टात काउंटरवर असताना जेवणाच्या सुट्टीत नवीन पुस्तक उघडलं की पहिल्यांदा शेवट, मग सुरुवात. "काय होणार ते कळलं की मग मी निवांत वाचते. नाहीतर माझं सगळं लक्ष तिकडेच." नजर गेल्यापासून शेवट बघता येत नाही, म्हणून मला विचारायच्या. रणांगणाच्या वेळी मी सांगितला नाही. तिथे त्या दहा रात्री हॅर्टाच्या काळजीत होत्या, आणि मला वाटत होतं की त्या रंगून ऐकतायत.

पुस्तक नको होतं का, असं विचारलं तर म्हणाल्या, "नाही गं, फार मोठं पुस्तक आहे. परत वाचू कधीतरी, आता माहितीये मला."

संध्याकाळी 'बनगरवाडी' घेऊन आले. नारळीकरांचं आत्मचरित्रही नोंदवून ठेवलंय. रात्री दिवा लावला, त्यांच्या पलंगाशी खुर्ची ओढली आणि शेवटचं पान उघडून वाचलं. त्यांनी पूर्ण ऐकलं, पाय पांघरुणात घेतले आणि म्हणाल्या, "हं, आता पहिलं काढ."