मदत हवी आहे : ढाल लोखंडाची दिसत नाही, डब्याचा पत्रा दिसते

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, पाट्या रंगवायचो. फ्लेक्स आल्यापासून ते काम बसलंच. १९ फेब्रुवारीच्या शिवजयंतीला गल्लीतल्या पोरांचा देखावा आहे, त्यासाठी फोमशीटच्या सहा ढाली आणि दोन शिरस्त्राणं करून देतो म्हणालोय. (पहिली ढाल थर्माकोलची केली होती. गाडीचा रंग एनसी थिनर घालून मारला, थिनरनं ढालच खाल्ली. हसू नका.)

ब्रशनं सिल्व्हर मारला तर लांबून ॲल्युमिनियमचा डबा. म्हणून एअरब्रश (हवेच्या दाबानं रंग फवारणारं पेन) मागवला : डबल ॲक्शन (एकाच ट्रिगरनं हवा आणि रंग दोन्ही सोडणारा), वर रंगाचा कप, ०.३ मिमी सुई. कॉम्प्रेसर घेतला नाही, शेजारच्या पंक्चरवाल्याच्या टाकीवरून नळी ओढली. मधूनच पाण्याचे थेंब उडतात. ॲक्रिलिक सिल्व्हर दोन मिनिटांत तुंबतो, आणि कालपासून कपात बुडबुडे येताहेत. हे सगळं सुटलं तरी मूळ प्रश्न राहतोच : लोखंड दिसायला रंग कोणता घेऊ?

प्रतिसाद :
दादा, पंक्चरवाल्याची हवा थेट घेऊ नका. मध्ये रेग्युलेटर आणि पाणी अडवणारा फिल्टर लावा, आणि ट्रिगर दाबलेला असताना हवेच्या दाबाचा काटा २० ते २५ पीएसआयवर ठेवा. रंग दुधाइतका पातळ करून जुन्या नायलॉन मोज्यातून गाळा. सिल्व्हरमधली चमकी जाड असते, तिला ०.५ ची सुई बरी. आपल्याकडच्या कोरड्या हवेत रंग सुईच्या टोकावरच वाळतो, रिटार्डरचे (रंग उशिरा वाळवणारं द्रव) दोन थेंब टाका आणि टोक अधूनमधून पुसा. बुडबुडे म्हणजे हवा उलटी कपात शिरतेय : नोझल (पुढचं तोंड) ढिलं किंवा तुंबलेलं. मास्क लावा, ॲक्रिलिक असला तरी.

आता लोखंड. धातूला स्वतःचा रंग फार थोडा, समोरचं सगळं तोच दाखवतो. घासलेला स्टीलचा तांब्या गच्चीवर न्या. वर आभाळ, मध्ये काळपट रेघ, खाली जमिनीचा तपकिरी. क्रोम (आरशासारखा चकचकीत धातू) रंगवणारे हेच रंगवतात, सिल्व्हर न वापरता. तुमच्या जुन्या लोखंडाला एवढी चमक नको. फोमला पातळ फेव्हिकॉलचे दोन-तीन हात द्या, वर काळा, मग सिल्व्हर फक्त एका बाजूनं, तिरका. खोबणीत काळा राहू द्या. कडांना पांढरट रेघ ब्रशनंच मारा, तिथं तुमचा हात आमच्यापेक्षा चांगला. वरून ग्लॉस (चकचकीत) लॅकर नको, सिल्व्हर मरतो.

मूळ लेखक :
नोझल खरंच ढिलं होतं की ओ! एक ढाल तिरक्या सिल्व्हरनं मारली, पोरं हात लावून बघताहेत. तांब्या अजून गच्चीवरच आहे, घरात शोधाशोध चाललीय. आता एकच : शिरस्त्राणाच्या मागची साखळीची जाळी राखाडी लोकरीनं विणून घेतलीय. तिच्यावर फवारू, की कोरड्या ब्रशनं नुसता सिल्व्हर घासू?