शब्दचर्चा : निर्वाणीचा खलिता, इशारा की वर्दी?

प्रश्न :
ग्रीसच्या महायुद्धकाळावर एक लेख लिहिते आहे, त्यात एका शब्दापाशी अडले. २८ ऑक्टोबर १९४० च्या पहाटे तीनच्या सुमारास इटलीचे वकील (राजनैतिक प्रतिनिधी) एमान्युएले ग्रात्सी अथेन्सजवळ किफिसियाला पंतप्रधान इओआनिस मेताक्सास यांच्या घरी गेले आणि एक कागद त्यांच्या हाती दिला. युद्ध संपेपर्यंत ग्रीसमधल्या काही जागा इटालियन फौजेच्या ताब्यात द्या, उत्तर सहापर्यंत द्या, असा मजकूर. या कागदाला काय म्हणू? 'अल्टिमेटम' नको आहे. 'निर्वाणीचा खलिता' ऐतिहासिक नाटकातला वाटतो. 'अंतिम इशारा' चालेल?

प्रतिसाद :
ताई, खलिताच ठेवा. धरणातून पाणी सोडण्याआधी नदीकाठच्या गावांना देतात तो इशारा. त्यात कुणी काही मागत नाही. खलित्यात मागणी असते, मुदत असते आणि ऐकलं नाही तर काय होईल तेही असतं. खलिता म्हणजे मुळात थैली, अरबी 'खरीता'वरून आलेला शब्द. राजेरजवाड्यांची पत्रं थैलीतून जात, पुढे थैलीचं नाव पत्रालाच चिकटलं. 'निर्वाणी'चा इथे मोक्षाशी संबंध नाही. निर्वाणीचा बाण म्हणतो ना, तसं : यानंतर भात्यात काही उरलं नाही.

थैलीवरून बेल्जियम आठवला. १९१४ चा जर्मन खलिता ब्रसेल्सच्या जर्मन वकिलातीत २९ जुलैलाच बंद लिफाफ्यात येऊन पडला होता, कळवू तेव्हाच फोडा अशा सूचनेसह. २ ऑगस्टच्या संध्याकाळी तो बेल्जियमच्या परराष्ट्रमंत्र्यांना दिला. उत्तराला बारा तास. फ्रेंच फौज बेल्जियममधल्या म्यूझ नदीच्या रोखानं निघण्याच्या बेतात आहे, म्हणून आमच्या फौजेला वाट द्या, अशी मागणी होती. ही 'खात्रीलायक खबर' चार दिवस आधीच लिफाफ्यात बंद होती! बेल्जियमनं सकाळी नाही म्हणून कळवलं आणि ४ ऑगस्टला जर्मन सैन्य आत शिरलं.

प्रश्नकर्ती :
पटलं. पण मग माझी अडचण वाढलीच. सहाची मुदत होती आणि इटलीच्या ताब्यातल्या अल्बानियाच्या सरहद्दीवरून इटालियन हल्ला साडेपाचलाच सुरू झाला. शिवाय कागदात नुसतं 'मोक्याच्या जागा' एवढंच होतं. कोणत्या जागा, असं मेताक्सासनी विचारलं, तर ग्रात्सींनाही ते माहीत नव्हतं. मागणारा काय मागतोय हे ज्याला ठाऊक नाही आणि उत्तरासाठी जो थांबणार नाही, त्याचा खलिता कसला? ही तर हल्ल्याची वर्दी झाली.

प्रतिसाद :
वर्दी म्हटलं तर कपट झाकलं जातं. त्या कागदाचं सोंग मागणीचंच होतं आणि ते सोंग वाचकाला दिसायला हवं. नाम तेच ठेवा, क्रियापद बदला. 'खलिता दिला' नको, 'खलिता बजावला' लिहा. नोटीस बजावतात, समन्स बजावतात. बजावणारा बेलीफ तुमचं म्हणणं ऐकायला दारात उभा राहत नाही.

आणखी एक प्रतिसाद :
त्याआधीच्या महिन्यांसाठीही शब्द जपून वापरा. १५ ऑगस्ट १९४० ला तिनोस बेटावर मरियमचा सण होता, यात्रेकरू जमले होते. बंदरात उभी असलेली ग्रीक युद्धनौका 'एल्ली' त्या दिवशी इटालियन पाणबुडीनं टॉर्पेडो मारून बुडवली. याला मराठीत एकच शब्द आहे, कुरापत. टॉर्पेडोचे तुकडे हाती लागले, ते इटालियन असल्याचं सरकारला कळलं, तरी पाणबुडी अज्ञात देशाची असल्याचं जाहीर केलं. इटलीनं आणला तो दबाव. चोर माहीत असून नाव घेता येईना, ते दडपण. आपण हे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो, पण दबावाचं बोट आणणाऱ्याकडे असतं आणि दडपण ज्याच्या छातीवर असतं त्याचं असतं. छोट्या देशाची गोष्ट सांगताना मला दुसरा शब्द जास्त मोलाचा वाटतो.

एक विनंती : 'लोकशाही ग्रीसचा नकार' असं कुठे लिहू नका. मेताक्सास १९३६ पासून हुकूमशहा होते. तरी त्या पहाटेचं उत्तर साऱ्या देशानं आपलं मानलं, हेही तितकंच खरं.

प्रश्नकर्ती :
त्या उत्तरावरच शेवटचं विचारते. ग्रीसमध्ये २८ ऑक्टोबर 'ओही'चा दिवस म्हणून पाळतात. 'ओही' म्हणजे 'नाही' की 'नको'? मेताक्सास प्रत्यक्षात फ्रेंचमध्ये बोलले : 'आलोर, से ला गेर.' मी 'तर मग हे युद्ध आहे' असं केलंय.

प्रतिसाद :
'नाही'. 'नको'त विनवणी मिसळते. पोर मार खाताना 'नको, नको' म्हणतं. आणि फ्रेंच वाक्यातलं 'हे' आणि 'आहे' दोन्ही काढून टाका. झोपेतून उठून ड्रेसिंग गाऊनमध्ये दारात आलेला म्हातारा माणूस कागद वाचून मान वर करतो, तेव्हा तो एवढं लांब बोलणार नाही. 'म्हणजे युद्धच.' त्या 'च'वर सगळा भार येऊ द्या.

प्रश्नकर्ती :
असं केलं : 'पहाटे तीनला ग्रात्सींनी निर्वाणीचा खलिता बजावला. मेताक्सासनी तो वाचला. म्हणजे युद्धच, ते म्हणाले. मुदत सहाची होती. साडेपाचला हल्ला सुरू झाला.'