मदत हवी आहे: कडाक्याच्या थंडीत हातमोजे घालून पिस्तुलाचा सराव कसा करावा?

नमस्कार मंडळी,

मी मिनेसोटात, मिनिआपोलिसजवळ राहते. मूळची साताऱ्याची. कॉलेजात असताना एनसीसीत .२२ रायफल चालवली होती, पण पिस्तूल पहिल्यांदा हातात घेतलं ते गेल्या उन्हाळ्यात, इथेच. ग्लॉक १९ आहे. रीतसर प्रशिक्षण घेतलं आणि ऑक्टोबरपर्यंत दर शनिवारी उघड्या रेंजवर जात होते. ७ यार्डांवरून, म्हणजे साधारण साडेसहा मीटरवरून, ६ गोळ्या झपाझप मारायचा सराव बऱ्यापैकी जमायला लागला होता.

थंडी पडली आणि सगळं बिघडलं. गेल्या शनिवारी उणे १४ सेल्सियस होतं, वर बोचरा वारा. उघड्या हातांनी दहा मिनिटांत बोटं अशी बधिर झाली की मॅगझिनमध्ये काडतूस भरता येईना. म्हणून अंगणातला बर्फ उपसताना घालते ते जाड हातमोजे चढवले आणि सराव चालूच ठेवला. तिथे चुकलं. नेम धरून तर्जनी ट्रिगरवर नुसती टेकवायची होती, तेवढ्यात गोळी सुटली. पिस्तूल लक्ष्याकडेच रोखलेलं होतं, गोळी कागदाच्या खालून मागच्या मातीच्या बांधात गेली, कुणाला काही झालं नाही. पण बोट ट्रिगरला कधी लागलं हे मला कळलंच नव्हतं. पिस्तूल रिकामं केलं, पेटीत ठेवलं आणि सरळ घरी आले. रात्री झोप लागली नाही.

नंतर रिकाम्या पिस्तुलावर, चेंबर (नळीमागची काडतुसाची जागा) दोनदा तपासून, सावकाश पाहिलं. ग्लॉकला अंगठ्याने लावायची वेगळी सेफ्टी नसते. ट्रिगरच्या मधोमध एक छोटी पट्टी असते, ती दाबली गेली की ट्रिगर मागे जातो. ती बोटाने दाबली की कापडाने, याने काही फरक पडत नाही. मोज्याचं फुगीर टोक ट्रिगर गार्डमध्ये, म्हणजे ट्रिगरभोवतीच्या कडीत, कसंबसं शिरतं आणि शिरताशिरताच ट्रिगर दाबायला लागतं. उलटही होतं: गोळी सुटल्यावर ट्रिगर पूर्ण पुढे यायला हवा, तर मोजा मध्ये अडकून तो अर्ध्यावरच राहतो.

कृपया 'इनडोअर रेंजवर जा' एवढंच सांगू नका. तिथे जातेच. पण इथे वर्षातले पाच महिने हातमोज्यांचे असतात. शस्त्र बाळगायचं तर त्या पाच महिन्यांतही ते माझ्या ताब्यात असलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. हेक्लर अँड कॉखच्या यूएसपी पिस्तुलाचा ट्रिगर गार्ड हातमोज्यांचा विचार करून मोठा ठेवलेला आहे हे माहीत आहे, पण नवीन पिस्तूल आत्ता घ्यायचं नाही.

मोजे कसे घ्यावेत? सराव कुठून सुरू करावा? की मोजा काढून मगच पिस्तुलाला हात लावायची सवय करावी?

प्रतिसाद १

ताई, थांबलात आणि घरी गेलात हे उत्तम केलंत. ते बर्फाचे मोजे पिस्तुलासाठी कायमचे बाद करा. उजव्या हाताला पातळ, घट्ट मोजा घ्या, मेकॅनिक्स कंपनीचे ०.५ मिलिमीटरचे मिळतात. तर्जनीच्या टोकावर शिवण येत नाही ना, हे दुकानातच बघा. बोटापुढे रिकामं कापड लोंबत असेल तर एक साइज लहान घ्या. असा मोजा फार ऊब देत नाही, म्हणून दोन फैरींच्या मध्ये हात खिशात, आणि खिशात गरम पुडी.

सुरुवात घरी, ड्राय फायरने, म्हणजे रिकाम्या पिस्तुलाने. काडतुसं दुसऱ्या खोलीत. पहिले काही दिवस ट्रिगर दाबूच नका. तर्जनी ट्रिगरच्या वर फ्रेमवर (पिस्तुलाच्या सांगाड्यावर) सरळ, तिथून ट्रिगरवर, पुन्हा फ्रेमवर, एवढंच. रेंजवर गेलात की मॅगझिनमध्ये एकच गोळी भरून सुरुवात करा. वेळ मोजायचा टायमर महिनाभर घरीच राहू द्या.

सगळ्यात जास्त जपायचं ते पिस्तूल होल्स्टरमध्ये (कमरेच्या म्यानात) परत ठेवताना. जाकिटाची नाडी किंवा मोज्याची घडी ट्रिगर गार्डमध्ये अडकली आणि तुम्ही पिस्तूल खाली दाबलंत, तर गोळी तुमच्याच मांडीत जाईल. डाव्या हाताने जाकीट पूर्ण बाजूला, नजर होल्स्टरवर, आणि अगदी सावकाश. तिथे घाई करण्याचं काही कारणच नसतं.

प्रतिसाद २

फौजेत काही वर्षं बर्फात काढली आहेत, म्हणून दोन गोष्टी सांगतो. एम१६ रायफलीचा ट्रिगर गार्ड खालून उघडतो, तो जाड मोज्यांसाठीच. तुमच्या पिस्तुलाला ती सोय नाही, त्यामुळे जाड मोजा असेल तर तो काढायचाच. डाव्या हाताने ओढून काढणं हाही स्वतंत्र सराव समजा आणि रिकाम्या हातांनी पन्नास वेळा करा.

दुसरं, तेल कमी लावा, थंडीत ते घट्ट होतं आणि स्लाइड (वरचा मागे-पुढे सरकणारा भाग) जड चालते. गार पिस्तूल उबदार घरात आणलंत की त्यावर दव धरतं. पेटी बंद ठेवून घराच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडून कोरडं पुसा. आणि फार थंडीत ओलसर उघडा हात धातूला लावू नका, कातडी चिकटते.

धागाकर्ती

दोघांचेही खूप आभार. पातळ मोजे आणले. पाच संध्याकाळी रोज पंधरा मिनिटं नुसतं फ्रेमवरून ट्रिगरवर आणि परत. तिसऱ्या दिवशी पहिल्यांदा मोज्यातून ट्रिगरची कड जाणवली, तेव्हा खरंच डोळ्यांत पाणी आलं. नाडी मात्र मी जाकिटातून काढूनच टाकली आहे.

आता एकच अडतंय. मॅगझिन बदलताना डाव्या तळव्याच्या मोज्याची चुणी मॅगझिन आणि पिस्तुलाची मूठ यांच्यामध्ये चिमटते, आणि मॅगझिन पूर्ण बसत नाही. तळवा तिरका धरून पाहिला, तरी तेच. तुम्ही मॅगझिन कुठे धरता आणि शेवटचा धक्का कशाने देता?