तीन पत्ती येते, पण पोकरच्या शब्दांत घोळ होतो: ब्लाइंड, किकर, साइड पॉट

बोरीकाठ (अमळनेर)
राम राम मंडळी. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) रस-पुरणपोळी झाली की आमच्याकडे पत्त्यांचा डाव बसतोच. तीन पत्ती आणि रमी सगळ्यांना येते. यंदा पोरांनी टेक्सास होल्डम पोकरचा हट्ट धरलाय. पैसे नाहीत, नुसत्या चिप्स. नियम वाचले, पण शब्द ओळखीचे आणि अर्थ भलतेच, त्यामुळे वाद होणार हे आत्ताच दिसतंय. आमच्याकडे ब्लाइंड म्हणजे पानं न बघता चाल, तिकडे काय? कलर (सगळी एकाच रंगाची पानं) मोठा की सिक्वेन्स (ओळीची पानं)? दोघांकडे एक्क्यांची जोडी निघाली तर पॉट (मध्ये जमलेल्या चिप्स) कुणाचा? एखाद्याच्या चिप्स मध्येच संपल्या तर? आणि रॉकेट्स, नट्स, टिल्ट ही जी टेबलावरची बोली आहे, तीही कुणी उलगडून सांगा.

पांझराकाठ (धुळे)
भाऊ, ब्लाइंडपासूनच सुरू करतो, कारण तीन पत्तीवाले सगळ्यात आधी इथेच अडतात. पोकरमध्ये ब्लाइंडचा पानं बघण्या-न बघण्याशी काही संबंध नाही. पानं सगळेच बघतात. ब्लाइंड म्हणजे वाटप व्हायच्या आधी दोघांनी सक्तीने लावायच्या चिप्स. तीन पत्तीतला बूट (डावाआधीची भर) सगळे भरतात, हा फक्त दोघे भरतात. ज्याच्यापुढे 'बटन' (वाटणाऱ्याची खूण) आहे तो त्या डावाचा वाटणारा धरायचा. त्याच्या डावीकडचा स्मॉल ब्लाइंड, त्याच्या पुढचा बिग ब्लाइंड, साधारण दुप्पट. प्रत्येक डावानंतर बटन एक घर डावीकडे सरकतं.

बूट पॉटमध्ये गेला की गेला. ब्लाइंड मात्र तुमच्या बोलीत मोजला जातो. ब्लाइंड १ आणि २ असेल, कुणी वाढवलं नसेल, तर स्मॉल ब्लाइंडवाल्याला फक्त १ घालून कॉल करता येतो. बिग ब्लाइंडवाल्याला काहीच घालावं लागत नाही आणि वाढवायचा हक्कही त्याच्याकडे असतो. हा हक्क विसरून घाईने फ्लॉप (मधली पहिली तीन पानं) उघडला की वाद सुरू.

प्रत्येकाला दोन पानं मिळतात, पहिली बोली बिग ब्लाइंडच्या डावीकडच्यापासून. त्या जागेला 'अंडर द गन' म्हणतात. मग वरचं एक पान उलटंच बाजूला टाकायचं (बर्न) आणि तीन पानं उघडायची: फ्लॉप. पुन्हा बोली, एक बर्न, चौथं पान: टर्न. तसंच पाचवं: रिव्हर. बर्न एवढ्यासाठी, की बोली चालू असताना कॅटचं सगळ्यात वरचं पान सगळ्यांसमोर असतं. त्यावर डाग, मुडप असेल आणि कुणी ते ओळखलं, तर ते खेळात येऊच नये. फ्लॉपनंतर मात्र बोली बटनच्या डावीकडच्या, अजून खेळात असलेल्या पहिल्या गड्यापासून सुरू होते. दोघेच खेळत असतील तर बटनवालाच स्मॉल ब्लाइंड भरतो, फ्लॉपच्या आधी तो पहिला बोलतो आणि नंतर शेवटी. हे हमखास उलटं केलं जातं.

बोलीचे शब्द थोडेच. चेक म्हणजे काही न लावता पुढे पाठवणं, समोर कुणी लावलं नसेल तरच. बेट म्हणजे पहिल्यांदा चिप्स लावणं, कॉल म्हणजे बरोबरी, रेझ म्हणजे वाढ, फोल्ड म्हणजे आपला पॅक, डाव सोडणं. तीन पत्तीतला साइड शो इथे नाही. रेझ आधीच्या वाढीइतका तरी हवा: बिग ब्लाइंड २, कुणी ६ केले म्हणजे वाढ ४ ची झाली, तर पुढच्याने किमान १० करायचे. "तुझे दहा... आणि वर वीस" असं तोडून लावणं म्हणजे स्ट्रिंग बेट, ते चालत नाही. मधल्या वेळात समोरच्याचा चेहरा वाचता येतो, म्हणून. आकडा आधी बोला, मग चिप्स सरकवा. न बोलता एकच मोठी चिप टाकली तर तो कॉल धरतात.

केळीचं_पान (रावेर)
कलर आणि सिक्वेन्सचं उत्तर मोजणीत आहे. तीन पानांचे एकूण २२,१०० हात होतात. त्यात साधे सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६. म्हणून तीन पत्तीत सिक्वेन्स दुर्मिळ, तो वर. पाच पानांचे हात २५,९८,९६०. त्यात स्ट्रेट, म्हणजे सिक्वेन्स, १०,२०० आणि फ्लश, म्हणजे कलर, ५,१०८. इथे कलर दुर्मिळ झाला, म्हणून पोकरमध्ये कलर सिक्वेन्सला मारतो. पोरांना नुसतं "उलटं असतं" म्हणून सांगू नका, आकडे सांगा. मग विसरत नाहीत. (तीन पत्तीत ट्रेल, म्हणजे तीन सारखी, ५२ आणि प्युअर, म्हणजे एकाच रंगातला, सिक्वेन्स ४८ आहेत. म्हणजे हिशोबाने प्युअर वर हवा, पण रिवाजाने ट्रेलच वर बसला आहे.)

पोकरची उतरंड वरून खाली: रॉयल फ्लश (एकाच रंगात दश्शी ते एक्का), स्ट्रेट फ्लश (एकाच रंगातला सिक्वेन्स), चार सारखी, फुल हाउस (तीन सारखी अधिक जोडी), फ्लश, स्ट्रेट, तीन सारखी, दोन जोड्या, जोडी, हाय कार्ड (काहीच जुळलं नाही, नुसतं मोठं पान). आपला ट्रेल इथे बराच खाली जातो, हे आधीच सांगून ठेवा. एक्का-दुर्री-तिर्री आपल्याकडे बऱ्याच फडांत दुसरा मोठा सिक्वेन्स मानतात. पोकरमध्ये एक्का ते पंजी हा सगळ्यात लहान स्ट्रेट, त्याला व्हील म्हणतात. बादशहा-एक्का-दुर्री असं वळसा घालून जोडता येत नाही. होल्डममध्ये इस्पिक मोठं, चौकट लहान असलं काही नाही. चारही रंग सारखे.

एक्क्यांच्या जोडीचं उत्तर म्हणजे किकर, जोडीबाहेरचं मोठं पान. हातातली दोन आणि मध्ये उघडलेली पाच (बोर्ड), या सात पानांतली उत्तम पाच, एवढंच मोजायचं. बोर्डवर एक्का, दश्शी, सत्ती, पंजी, दुर्री. रंग जुळत नाहीत. एकाच्या हातात एक्का-बादशहा, दुसऱ्याच्या एक्का-नव्वी. पहिल्याची पाच पानं: एक्का, एक्का, बादशहा, दश्शी, सत्ती. दुसऱ्याची: एक्का, एक्का, दश्शी, नव्वी, सत्ती. बादशहा किकर ठरला, पॉट पहिल्याचा. आता बोर्ड बदला: एक्का, बादशहा, राणी, गुलाम, सत्ती. हातात एकाच्या एक्का-छक्की, दुसऱ्याच्या एक्का-पंजी. दोघांचीही पाच पानं एक्का, एक्का, बादशहा, राणी, गुलाम अशीच होतात. छक्की मोजणीत येतच नाही, पॉट निम्मा-निम्मा. "माझी छक्की मोठी" हा दावा इथे चालत नाही.

बोरीकाठ (अमळनेर)
झकास. मुलांना हेच आकडे दाखवतो. चिप्स संपल्या तर काय, ते राहिलं. आणि टेबलावरची बोली.

सातपुड्याची_लेक (शहादा)
दादा, चिप्स संपल्या तर खेळ थांबत नाही, पॉटचे भाग पडतात. तिघे आहेत: एकाकडे ४०, दुसऱ्याकडे १००, तिसऱ्याकडे १६०. तिघांनीही ऑल-इन म्हटलं, म्हणजे होत्या तेवढ्या सगळ्या चिप्स लावल्या. प्रत्येकाचे ४० एकत्र केले की मेन पॉट १२० चा. दुसऱ्या-तिसऱ्याचे पुढचे ६०-६० म्हणजे साइड पॉट १२० चा. तिसऱ्याचे उरलेले ६० कुणी कॉल केलेच नाहीत, ते त्याला परत. ४० वाला जिंकला तर फक्त मेन पॉट त्याचा. साइड पॉट बाकी दोघांत ज्याचा हात मोठा त्याचा. ढिगारे त्याच क्षणी वेगळे करून ठेवा आणि निकाल साइड पॉटपासून लावा. सगळं एकत्र लोटलं की नंतर हिशोब लागत नाही.

आता टेबलावरची बोली. रॉकेट्स म्हणजे हातात दोन एक्के; २२१ वाटपांत सरासरी एकदा येतात. दोन बादशहा काउबॉय, दोन राण्या लेडीज, दोन गुलाम हुक्स, दोन अठ्ठ्या स्नोमेन. एक्का-बादशहा म्हणजे बिग स्लिक. दश्शी-दुर्रीला डॉयल ब्रन्सन या पोकरपटूचं नाव आहे, कारण १९७६ आणि १९७७ अशी लागोपाठ दोन वर्षं पोकरच्या वर्ल्ड सिरीज स्पर्धेतल्या मेन इव्हेंटचा शेवटचा डाव त्याने त्याच पानांवर जिंकला. काळे एक्के आणि काळ्या अठ्ठ्या म्हणजे डेड मॅन्स हँड. १८७६ मध्ये अमेरिकेतल्या डेडवुड गावात वाइल्ड बिल हिकॉक या नामांकित बंदूकबाजाला गोळी घातली तेव्हा त्याच्या हातात ही पानं होती असं सांगतात.

नट्स म्हणजे त्या बोर्डवर होऊ शकणारा सगळ्यात मोठा हात. नुसता 'भारी हात' नव्हे. सेट आणि ट्रिप्स दोन्हीत तीन सारखी असतात, पण सेटमध्ये जोडी हातात आणि एक बोर्डवर, ट्रिप्समध्ये एक हातात आणि दोन बोर्डवर. सेट लपून राहतो, म्हणून त्याला जास्त मिळतं. रेझ न करता नुसता कॉल करून आत शिरणं म्हणजे लिंप. हरल्याच्या रागात वाटेल ते खेळत सुटणं म्हणजे टिल्ट.

आउट्स हा शब्द मात्र नीट शिका. तुमचा हात पुरा करणारी उरलेली पानं. कलरला एक पान कमी असेल तर ९, दोन्ही टोकं उघडी असलेल्या सिक्वेन्सला ८, मधलं एकच घर रिकामं (गटशॉट) असेल तर ४. फ्लॉपवर आउट्सला ४ ने गुणा, टर्नवर २ ने, टक्के जवळपास येतात. ९ आउट्सचे फ्लॉपवर ३६ येतात, खरे ३५. टर्नवर १८, खरे १९.६. चूक होते ती इथे: ४ चा गुणाकार दोन्ही पानं बघायला मिळणार असतील तरच खरा, म्हणजे मुख्यतः ऑल-इनला. टर्नवर आणखी बेट आली तर तेवढ्या पैशांत तुम्ही एकच पान बघितलेलं असतं. आणि तुमचं कलरचं पान आलं पण त्यानेच बोर्डवर जोडी झाली, तर समोरच्या सेटचं फुल हाउस होतं. असला आउट पूर्ण धरू नका.

पॉट ऑड्स: पॉटमध्ये ६०, समोरच्याने ३० लावले. तुम्ही ३० घालून एकूण १२० साठी खेळताय, म्हणजे २५ टक्के तरी हवेत. टर्नवर कलरचे १९.६ कमी पडतात, फोल्ड करा. जिंकल्यावर रिव्हरला अजून निघतील अशी खात्री असेल तरच कॉल.

पांझराकाठ (धुळे)
ताईंनी साइड पॉट छान मांडला. शोचं एक राहिलं: रिव्हरला ज्याने शेवटची बेट किंवा रेझ केली तो आधी दाखवतो, कुणीच लावलं नसेल तर बटनच्या डावीकडून. तोंडाने काहीही सांगितलं तरी उघडी पानं जे म्हणतील ते खरं. उलटी टाकून दिलेली (मक केलेली) पानं मात्र मेली.

पैसे लावत नाही हे चांगलंच. १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आखाजीलाही लागू आहेच, आणि पैशांवरच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा संसदेने २०२५ मध्ये केला आहे. पोरांना मोबाइलवर सराव करायचा असेल तर फुकट चिप्सवाल्यावरच.

चिप्स सहा जणांसाठी अशा वाटा: प्रत्येकी १ च्या २०, ५ च्या १६, २५ च्या ४, म्हणजे २००. ब्लाइंड १ आणि २. १ च्या चिप्स याहून कमी ठेवल्या तर दर डावाला सुट्ट्यासाठी खेळ अडतो.