नव्या नोकरीत तुमचा शब्द कधीपासून चालू लागला?

दर पावसाळ्यात पुण्यात नवे नोकरदार येतात. चाकण, भोसरी, रांजणगावला आयटीआय-डिप्लोमाची मुलं, हिंजवडी-खराडीला इंजिनिअर. मुलाखत कशी द्यावी हे सांगणारे पुष्कळ आहेत. रुजू झाल्यावर जुन्या माणसांत कसं मिसळायचं आणि आपल्या म्हणण्याला वजन कसं येतं, हे मात्र ज्याचं त्याने शोधायचं. म्हणून हा धागा. अनुभव लिहाल तेव्हा काम नेमकं काय होतं तेही लिहा. "सगळ्यांशी गोड बोला" एवढ्यावर कुणाचं भागत नाही.

माझ्यापासून सुरुवात करते. भोसरीच्या एका मशीन शॉपमध्ये मी क्वालिटीला लागले, खात्यात एकटीच मुलगी. सीएनसीवरचे (संगणकाच्या हुकमाने धातू कापणारं मशीन) मामा तिथे माझ्या जन्माआधीपासून. शाफ्टवर बेअरिंग बसतं त्या व्यासावरून रोज भांडण. दुसऱ्या पाळीत ऑपरेटर म्हणणार माप बरोबर, सकाळी आम्ही मोजला की व्यास कमी. दोन्ही बाजू खरं बोलत होत्या, पण एकमेकांना खोटं ठरवत होत्या.

मी एक अख्खी पाळी मामांशेजारी उभी राहिले. जॉब, म्हणजे मशीनवर कापलेला तुकडा, उतरवला की गरम असतानाच त्याला मायक्रोमीटर लागत होता. पोलादाचा १०० मिमी व्यास तापमान १० अंशांनी चढलं तर साधारण ११-१२ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) वाढतो. आमची टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, सगळी मिळून २२ मायक्रॉनची. म्हणजे निम्मी तिथेच गेली! मापनाचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस ठरलंय ते यासाठीच. हे मी मीटिंगमध्ये न मांडता आधी मामांना सांगितलं. त्यांनी लगेच आठवून सांगितलं की ही तक्रार उन्हाळ्यातच वाढते. मग आम्ही तोच जॉब गरम असताना आणि निवल्यावर मोजून ठेवला. साहेबांकडे रिपोर्ट गेला त्यावर त्यांचं नाव आधी होतं, कारण उन्हाळ्याचा धागा त्यांनीच दिला होता. त्यानंतर नव्या सेटिंगचा पहिला जॉब मामा स्वतः माझ्या टेबलावर आणून ठेवायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं.

स्टाफ नर्स, मूळची लातूरची

मी आयसीयूत नवीन होते. रात्री डॉक्टर फोनवर ऑर्डर देतात. मी ती लिहून घ्यायचे आणि औषध, डोस, कशातून, किती वाजता, असं सगळं परत वाचून दाखवायचे. शिकताना हेच शिकवलेलं. सीनियर सिस्टरना वाटायचं मी वेळ घालवते. एक डॉक्टर तर चिडून म्हणाले, "एकदा सांगितलेलं कळत नाही का?" तरी मी सोडलं नाही. फोनवर फिफ्टीन आणि फिफ्टी सारखंच ऐकू येतं, आणि एका रात्री इन्सुलिनच्या बाबतीत नेमकं तेच झालं. मी "पन्नास युनिट" म्हणून परत वाचलं आणि पलीकडून जवळजवळ ओरडून उत्तर आलं, "पंधरा, पंधरा!" सकाळी इनचार्ज सिस्टरांनी हँडओव्हरला माझ्याकडून सगळ्यांसमोर ती पद्धत सांगून घेतली. आता वॉर्डात नवी मुलगी आली की तिला आधी माझ्याबरोबर लावतात.

बँकेतला

शाखेत ऑफिसर म्हणून गेलो तेव्हा हेड कॅशिअर काका वडिलांच्या वयाचे. सही माझी, अनुभव त्यांचा. मी एकच ठरवलं: कॅश जुळल्याशिवाय घरी जायचं नाही, फरक दहा रुपयांचा असला तरी. काकांनी त्यातूनच मला जोखलं. माझं मत आहे की नव्याने पहिले काही महिने कुठलीही पद्धत बदलू नये.

हिंजवडीहून

वरच्या बँकवाल्या दादांशी माझं जमणार नाही. मला लीड म्हणूनच घेतलं होतं. गप्प बसणं परवडलं नसतं. महिनाअखेरीला एक बॅच जॉब (एकगठ्ठा काम आपोआप उरकणारा प्रोग्राम) हमखास अडकायचा आणि तो सोडवणं टीममधल्या एकाच मुलाला यायचं. तो रजेवर गेला की सगळे हवालदिल. मी त्याच्याबरोबर बसून पायरी-पायरीने सगळं लिहून काढलं आणि पुढच्या महिन्यात तो जॉब मी स्वतः चालवला, तो फक्त शेजारी. अनंत चतुर्दशीच्या रात्रीचा ऑन-कॉलही, म्हणजे काही अडलं तर धावून जायची पाळी, मी घेतला, कारण अर्धी टीम ढोल-ताशा पथकात. कोडवर मी कडक शेरे द्यायचे, पण त्या रात्रीनंतर ते कुणाला लागले नाहीत.

कचरावेचक बायकांबरोबर काम करणारी

पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, त्यामुळे इथल्या बायका संघटनेत मुरलेल्या आहेत. शिकून आलेल्या मुलीचं भाषण त्यांना नकोच असतं. मी खाली बसून वर्गीकरण शिकले: पुठ्ठा, पत्रा, दुधाची पिशवी, काच. भंगारवाल्याच्या काट्यापाशी उभी राहून प्रत्येकीचं वजन आणि भाव वहीत लिहायचे. पैशांवरून वाद झाला की "ताईची वही आणा" असं त्याच म्हणू लागल्या.

निवृत्त फोरमन, चिंचवड

मुलांनो, आता दुसऱ्या बाजूचं ऐका. मी १९७८ साली ॲप्रेंटिस म्हणून लागलो आणि पुढे कित्येक नवे माझ्या हाताखालून गेले. आम्ही नव्या पोराचं सर्टिफिकेट बघत नसू. पाळी संपताना त्याने चिप्स (कापलेल्या धातूचा चुरा) काढून मशीन पुसलं का? घेतलेला पाना जागेवर गेला का? आणि सर्वांत मोठं, जॉब बिघडला तर तो स्वतः येऊन सांगतो, की पेटीच्या तळाशी सरकवतो? स्वतः येऊन सांगणाऱ्याला मी कधी ओरडलो नाही. लपवलेला जॉब असेंब्लीत जातो, आणि तिथून परत आला की अख्ख्या लाइनचं नुकसान होतं. सांगणाऱ्या पोराला मी महिन्याभरात माझ्या मशीनचं सेटिंग करायला द्यायचो, आणि सही त्याचीच घ्यायचो.