दोन विरुद्ध दोनच्या सरावात दुसरा बचावपटू जागा धरत नाही, मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. कोल्हापुरात दहा ते बारा वर्षांच्या मुलामुलींना मी फुटबॉलचे प्राथमिक प्रशिक्षण देतो. चेंडू चार क्रमांकाचा, मैदान साधारण 25 मीटर लांब व 18 मीटर रुंद, आणि दोन्ही टोकांना शंकू (कोन) ठेवून केलेले छोटे गोल, अशी आमची नेहमीची मांडणी आहे.

एकास एक खेळताना ही मुले बचाव नीट करतात. वेगाने पुढे जाऊन चेंडूपासून दोन पावलांवर थांबणे, अंग तिरपे ठेवणे आणि समोरच्याला कडेच्या रेषेकडे ढकलत नेणे हे त्यांना जमते. अडचण सुरू होते ती दोन विरुद्ध दोनमध्ये. दोन्ही बचावपटू एकाच वेळी चेंडूवर धावतात, एक साधा आडवा पास जातो आणि मागचा गोल उघडा पडतो. (पेठांच्या सामन्यांत शाहू स्टेडियमवर सर्वांत मोठा आरडाओरडा अंगावर जाऊन चेंडू हिसकावणाऱ्याच्या वाट्याला येतो, मागे थांबून जागा राखणाऱ्याच्या नाही, हेही मुले पाहतच असतात.)

शिट्टी वाजवून खेळ थांबवला आणि जागा दाखवली की मुलांना कळते, परंतु खेळ पुन्हा सुरू होताच ते विसरले जाते. दोनच स्पर्शांची मर्यादा घातल्यावर पास वाढले, मात्र ड्रिबलिंग जवळजवळ बंद झाले, आणि दबाव येण्याआधीच चेंडू निघून जात असल्याने बचाव करणाऱ्यांच्या हाती काहीच लागले नाही. त्यानंतर प्रशिक्षक होर्स्ट वाइन यांच्या फुनिनो या मुलांसाठीच्या छोट्या फुटबॉल खेळाप्रमाणे तीन विरुद्ध तीन, चार छोटे गोल आणि गोलापासून सहा मीटरच्या आतूनच फटका, असा खेळ ठेवला. आक्रमणाला त्याचा उत्तम उपयोग झाला. मुले मान वर करून मोकळा गोल शोधू लागली आणि मैदानाची रुंदी वापरू लागली. बचाव मात्र उलट्या टोकाला गेला, कारण दोघे आपापल्या गोलापुढे उभे राहतात आणि चेंडू असलेल्या खेळाडूवर कोणीच जात नाही.

आता मैदानाची रुंदी 12 मीटरपर्यंत कमी करावी, असा विचार आहे. अंतर कमी झाले की दुसऱ्या बचावपटूला तिरके मागे राहून आधार देणे आणि पास गेल्यावर वेळेत पोहोचणे शक्य होईल, पण आक्रमण करणाऱ्यांची मोकळी जागा त्यामुळे हिरावली जाईल, ही शंका आहेच. दुसरा पर्याय म्हणजे दोन विरुद्ध एकने सुरुवात करून दुसऱ्या बचावपटूला पाच मीटर मागून धावत येऊ देणे, म्हणजे पहिल्याला चेंडू हिसकावण्याऐवजी वेळ काढावा लागेल. हा मला अधिक पटतो, परंतु एकटा पडलेला मुलगा थेट गोलापर्यंत मागे सरकत राहिला तर त्याला कोणत्या नियमाने पुढे आणावे?

या वयोगटाबरोबर काम केलेल्यांनी कृपया सांगावे की दुसऱ्या बचावपटूचे अंतर आपण मुलांना कोणत्या खुणेने शिकवता, आणि खेळ न थांबवता, केवळ मैदानाचा आकार किंवा गुणांची पद्धत बदलून ही सवय लागते का. आमच्याकडे एका गटात बारा ते चौदा मुले असतात व मैदानाचा अर्धाच भाग मिळतो, हे लक्षात घेऊन सुचवल्यास बरे होईल.