टर्नपाइकवरचं स्पीडिंग तिकीट हरवलं, कोर्ट कुठलं ते कसं शोधायचं? (न्यू जर्सी)

मंडळी, मदत हवी आहे.

शनिवारी टर्नपाइकवर (इथला टोलचा हायवे) एट-ए एक्झिटच्या आसपास नवऱ्याला स्टेट ट्रूपरने थांबवलं. ताशी ६५ मैलांच्या रस्त्यावर ८२, त्यामुळे बोलायला जागाच नव्हती. तिकीट त्याने सनव्हायझरला खोचून ठेवलं. सध्या सासूबाई भारतातून आल्या आहेत. त्यांनी रविवारी गाडी आतून लख्ख पुसून काढली आणि कॉफीच्या पावत्यांबरोबर तिकीटही कचऱ्यात गेलं. त्यांना सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

ऑनलाइन भरायला गेलो तर एनजेएमसी डायरेक्टवर (दंड भरायची कोर्टाची वेबसाइट) कोर्टाचा कोड, तिकिटाचा प्रीफिक्स, नंबर, सगळंच मागतात. आमच्याकडे आहे फक्त गाडीची नंबर प्लेट. तिकीट स्टेट पोलिसांनी दिलं तरी केस त्या हद्दीच्या म्युनिसिपल कोर्टात जाते म्हणे. आता टर्नपाइकवरून जाताना खालचं गाव कुठलं हे कुणाला कळतं? मन्रो, क्रॅनबरी, साउथ ब्रन्सविक सगळी एकमेकांना खेटून. नवरा म्हणतो, "येईल की घरी पत्र." पण आम्ही नुकतंच घर बदललंय आणि लायसन्सवर पत्ता जुनाच आहे.

आडवाट: पत्राची वाट अजिबात बघू नका. तिकीट हेच समन्स, म्हणजे कोर्टाचं बोलावणं असतं. पत्र येतं ते तारीख चुकल्यावर, आणि तेही तुमच्या जुन्या घरी जाणार. तरीही गप्प राहिलात तर लायसन्स सस्पेंड होऊ शकतं, वॉरंटही निघू शकतं. तिन्ही गावांच्या कोर्टांच्या व्हायोलेशन्स ब्युरोला फोन करा. नाव, जन्मतारीख आणि लायसन्स नंबर हाताशी ठेवा. एकीकडे सापडलं नाही तर दुसरीकडे. लगेच दिसलं नाही तर थोड्या दिवसांनी परत विचारा, सिस्टीममध्ये चढायला वेळ लागतो. कुठेच नसेल तर टर्नपाइक बघणाऱ्या ट्रूप डीला (स्टेट पोलिसांची तुकडी) विचारा. आणि एमव्हीसीत (लायसन्स देणारं मोटर व्हेइकल कमिशन) पत्ता बदला हो, घर बदलल्यापासून आठवड्याच्या आत कळवायचा नियम आहे.

पुरणपोळी०७: नंबर मिळाला की लगेच पैसे भरून मोकळे होऊ नका! भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं. १७ मैल जास्त म्हणजे लायसन्सवर ४ दंडाचे पॉइंट्स, मग इन्शुरन्सवाले आहेतच. त्यापेक्षा 'नॉट गिल्टी' कळवून प्रॉसिक्यूटरशी (सरकारी वकिलाशी) बोला. बरेचदा ते आरोप 'अनसेफ ड्रायव्हिंग' या सौम्य कलमावर आणतात. त्याला पॉइंट्स नाहीत, पण दंडावर २५० डॉलरचा सरचार्ज बसतो. पाच वर्षांत तिसऱ्यांदा झालं तर मात्र त्यालाही पॉइंट्स लागतात.

धागाकर्ती: दोघांचेही आभार. साउथ ब्रन्सविकवाले नाही म्हणाले, मन्रोला सापडलं! क्लार्क बाईंनी तिकिटाचा नंबर आणि तारीख फोनवरच सांगितली, नवऱ्याने पिझ्झाच्या खोक्यावर लिहून घेतली. (खोकं मी कपाटात ठेवलंय.) आता एकच, प्रॉसिक्यूटरशी बोलायला वकील लागेल का?

पुरणपोळी०७: सक्ती नाही. रेकॉर्ड कोरं असेल तर नवऱ्याने स्वतःच बोलावं. आधीचे पॉइंट्स असतील तर मात्र वकील करा, कारण तीन वर्षांत ६ झाले की एमव्हीसीचा वेगळा सरचार्ज लागतो. आणि सुनावणी झूमवर आहे का तेही विचारून घ्या.